दोन नाणी, एक फीत

तीन आठवड्यांपूर्वीचा शुक्रवार. दुपारचं जेवण झालेलं, बिल्ड अडकलेला, त्यामुळे अख्खी टीम पॅन्ट्रीत. आमच्याकडे टेस्टिंगला एक मुलगी आहे, तिला टॅरोचा नाद. पर्समध्ये पत्त्यांचा जोड कायम असतो. (बग शोधायचीही तिची हीच पद्धत असावी असा माझा जुना संशय आहे :) ) तिने माझ्यापुढे पत्ते पसरले आणि म्हणाली, "मनात प्रश्न धर आणि एक काढ." मनात एकच प्रश्न होता, बिल्ड कधी होणार. काढला पत्ता.

चित्रात एक तरुण. डोक्यावर भलीमोठी उंच टोपी, एक पाय उचललेला, दोन हातांत दोन मोठी नाणी, आणि त्या दोन्ही नाण्यांना आडव्या आठाच्या आकारात वेढणारी एक हिरवी फीत. मागे समुद्र, चांगल्याच उंच लाटा, त्यांवर हेलकावणारी दोन जहाजं. पत्त्याचं नाव टू ऑफ पेंटॅकल्स. आपण नाण्यांची दुर्री म्हणू.

"बॅलन्स!" ती म्हणाली. "तुझ्या आयुष्यात दोन गोष्टी एकमेकींशी भांडतायत. दोन्ही सांभाळायला शीक."

आता हे भविष्य पॅन्ट्रीतल्या कुणालाही लागू पडलं असतं. होम लोन आणि पोराची शाळा, ऑनसाइट आणि लग्न, मॅनेजर आणि बायको. आमच्या फैजपूरच्या बाजारात लहानपणी एक पोपटवाला बसायचा. त्याच्या पोपटाने काढलेल्या पाकिटातही साधारण हेच असायचं: मन अस्वस्थ आहे, पण दिवस बदलतील. ज्याचं मन अस्वस्थ नाही तो पोपटवाल्यापाशी थांबेल कशाला?

असो. बिल्ड झाला, आम्ही जागेवर गेलो. पण ती फीत काही डोक्यातून जाईना. दोन नाणी खेळवायची असतील तर त्यांना एकमेकांशी बांधायचं कशाला? झेलायला अडचणच होणार.

रात्री घरी बसून थोडं वाचलं. टॅरो मुळात इटलीतला पंधराव्या शतकातला साधा पत्त्यांचा खेळ. आपल्याकडे सावंतवाडीचा गंजिफा असतो ना, गोल पत्त्यांचा, दशावतारी, एकशे वीस पानांचा, तसाच डाव मांडून खेळायचा प्रकार. त्यातून भविष्य सांगायची टूम निघाली अठराव्या शतकात, फ्रान्समध्ये. (गंजिफाला असा कुणी फ्रेंच माणूस भेटला नाही, नाहीतर आज मत्स्य आणि कूर्म काढून लोकांना करिअर गायडन्स दिला असता.) फ्रान्समधल्या जुन्या मार्सेय जोडातही ही दुर्री आहे. तिथे माणूसच नाही. दोन नाणी, त्यांच्यामधून वळत गेलेली फीत, आणि फितीवर पत्ते छापणाऱ्याचं नाव. म्हणजे फीत आधीची, आणि ती एका अर्थी छापखान्याची जाहिरात!

त्या फितीतून टोपीवाला पोरगा उभा केला पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्तीने, १९०९ साली लंडनमध्ये. आर्थर वेट नावाच्या गृहस्थांसाठी तिने अख्खा अठ्ठ्याहत्तर पत्त्यांचा जोड काढून दिला. काम प्रचंड आणि पैसे अगदी थोडे अशी तक्रार तिने एका पत्रात केली आहे. पुढे कित्येक वर्षं तो जोड प्रकाशकाच्या आणि वेटसाहेबांच्या नावाने ओळखला गेला. तिचं नाव बऱ्याच उशिरा जोडलं गेलं. कॉन्ट्रॅक्टवर काम केलेल्या मंडळींना हे निराळं समजावून सांगायला नको.

आणि खरी गंमत म्हणजे वेटसाहेबांनी स्वतः या पत्त्याचा जो अर्थ लिहून ठेवलाय, त्यात 'बॅलन्स' नाहीच. त्यांच्या लेखी हा मौजमजेचा पत्ता. शिवाय लेखी निरोप, अडथळे, गोंधळ, लफडी. म्हणजे वर्क-लाइफ बॅलन्स हा अर्थ आपण, म्हणजे तुम्ही-आम्ही कॅलेंडरवाल्यांनी, नंतर चिकटवलाय. त्याला माझी हरकत नाही. अर्थ बदलतातच. माझी हरकत बॅलन्स या शब्दाला आहे.

बॅलन्स म्हटलं की डोळ्यापुढे तराजू येतो. दोन पारडी समान झाली, काटा मध्ये थांबला, झालं. पत्त्यातला पोरगा काही तोलत नाहीये, तो खेळवतोय. डोंबाऱ्याच्या पोरीच्या हातात काठी असते, ती तोल सांभाळते. याच्या हातात तेही नाही, वर एक पाय अधांतरी. झेलाझेलीत दोन्ही हात समान भरलेले असे नसतातच. एक वस्तू हातात असते तेव्हा दुसरी हवेत असते, आणि हवेतली आज ना उद्या खाली येणार असते. आपल्याला एवढंच ठरवता येतं की आत्ता कुठली हवेत सोडायची. ती खाली कधी येणार ते एकदा सोडल्यावर आपल्या हातात राहत नाही.

हे मी इतक्या शहाणपणाने लिहितोय, पण त्या शुक्रवारी माझ्या हवेत काय होतं ते मला माहीत नव्हतं.

आमचं घर फैजपूरचं. यावल तालुका, जळगाव जिल्हा. मागे सातपुडा, पुढे तापी, मध्ये काळी जमीन आणि केळी. अण्णा, म्हणजे माझे वडील, एकाहत्तर वर्षांचे. चार एकर केळी अजून स्वतः बघतात. मी पुण्यात. गेले सात-आठ महिने अण्णांचे सकाळी सकाळी फोन यायचे. नेमके स्टँड-अपच्या वेळी. कधी ई-पीक पाहणीचं ॲप चालत नाही, कधी बँकेचा ओटीपी, कधी पीकविम्याचा मेसेज. "हे काय म्हनतंय बघ बरं." मी म्हणायचो, अण्णा, स्क्रीनवर काय लिहिलंय ते वाचून दाखवा. ते म्हणायचे, "तूच बघ ना तिकून." मग मी चिडायचो. आयआयटीवाल्यांना समजावून सांगणं सोपं, पण बापाला ओटीपी समजावणं महाकठीण, असा एक विनोदही मी टीममध्ये मारून झालो होतो.

माझ्या कॅलेंडरवर या फोनना रंगच नव्हता. रिलीज लाल, क्लायंट कॉल निळा, मुलीचा डान्स क्लास हिरवा. गावाकडचं जे काही असेल ते 'रिलीजनंतर'. आणि आमच्या धंद्यात एक रिलीज संपला की दुसरा सुरू झालेला असतो, तेव्हा 'रिलीजनंतर' ही तारीख कुठल्याच कॅलेंडरवर नाही.

तसं बघितलं तर पुढे ढकलण्याची परंपरा आमच्या गावाला जुनी आहे! डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचं अधिवेशन फैजपूरला भरलं. खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन. शाळेत दर सव्वीस जानेवारीला आम्हाला हे ऐकवत. अधिवेशन खेड्यात व्हावं हा गांधीजींचा आग्रह. नंदलाल बोस शांतिनिकेतनहून येऊन सजावट करून गेले, बांबू, चटया, गावात मिळतं ते सामान वापरून. शंकरराव देव स्वागताध्यक्ष, आमच्या भागातले धनाजी नाना चौधरी राबणाऱ्यांत पुढे, साने गुरुजी खेडोपाडी फिरून लोकांना गोळा करत होते. नगराचं नाव टिळकनगर. अध्यक्ष नेहरू, त्यांची मिरवणूक बैलांच्या रथातून निघाली. माझे आजोबा तेव्हा बारा वर्षांचे होते. त्यांना नेहरूंचं भाषण अजिबात आठवायचं नाही, बैल मात्र आठवायचे.

शाळेत जे सांगितलं नाही ते असं. तिथे जमलेल्या मंडळींच्या हातात दोन नाणी होती. १९३५ च्या कायद्याखाली प्रांतांच्या निवडणुका तोंडावर आल्या होत्या. काँग्रेसला तो कायदा मान्य नव्हता, गुलामीचा दस्तऐवज म्हणून त्याला विरोध होता. पण निवडणूक सोडून देणंही परवडणारं नव्हतं. मग ठरलं की निवडणूक लढवायची. बरं, जिंकलो तर मंत्रिपदं घ्यायची का? इथे दोन तट. नेहरू आणि समाजवादी मंडळी विरोधात, बाकी बऱ्याच जणांना घ्यावीत असं वाटत होतं. यावर फैजपूरने काय निर्णय केला? निवडणुकीनंतर बघू.

१९३७ च्या सुरुवातीला निवडणुका झाल्या. मुंबई प्रांतात १७५ पैकी ८६ जागा आल्या, इतर अनेक प्रांतांत स्पष्ट बहुमत. निवडून आलेल्या माणसांना, आणि मतं देणाऱ्या शेतकऱ्यांना, आता मंत्रिपदं नकोत हे कोण सांगणार? मार्चमध्ये काही अटींवर ती स्वीकारायचं ठरलं आणि जुलैत बाळासाहेब खेर मुंबईचे पंतप्रधान झाले. (तेव्हा प्रांताच्या मुख्यमंत्र्याला पंतप्रधान म्हणत.) ते बरं झालं की वाईट, हा वाद इथे नको, इतिहासवाले मारतील. मला दिसतं ते एवढंच: 'नंतर बघू' म्हटलं तेव्हाच तो निर्णय निम्म्याहून जास्त झाला होता. निवडणूक आणि मंत्रिपद एकाच फितीत होती. एक हातात घेतलं की दुसरं त्याच्यामागे ओढलं जाणार होतं. तरी त्यांना आपण काय ढकलतोय हे निदान माहीत होतं. ठराव करून, शब्द निवडून ढकललं. माझ्यासारखं नाही, की फोन कट केला आणि विसरलो.

तर त्या शुक्रवारी रात्री, टॅरोमुळे म्हणा की दोन महिने गेलो नव्हतो म्हणून म्हणा, मी ट्रॅव्हल्सचं तिकीट काढलं आणि शनिवारी सकाळी फैजपूरला उतरलो. थंडी मस्त पडली होती. आईने भरीत केलं होतं. बामणोदची वांगी, पऱ्हाटीच्या जाळावर भाजलेली, वर कांद्याची पात, आणि कळण्याची भाकरी. यापुढे दुपारी काही काम होईल अशी अपेक्षा कुणी ठेवू नये. पण अण्णा म्हणाले चल, मळ्यात चक्कर मारू.

इथे केळीबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. केळीच्या झाडाला एकदाच घड लागतो. तो कापला की झाडाचं काम संपलं. पण त्याच्या बुंध्याशी कंदातून पिलं फुटत राहतात. सगळी राहू दिली तर ती मूळ झाडाचं खत-पाणी खातात आणि घड बारीक राहतो. सगळी कापली तर पुढचा बाग नाही, पुन्हा नवी रोपं विकत आणून लागवड. म्हणून सुरुवातीचे काही महिने पिलं कापत राहायचं, आणि झाड निसवलं, म्हणजे त्यातून घड बाहेर पडला, की एक पील ठेवायचं. एकच. त्यातूनही कुठलं ठेवायचं हे बघावं लागतं. निमुळत्या, तलवारीसारख्या पानांचं पील जोमदार असतं. लहानपणीच रुंद पानं फुटलेलं पील दिसायला छान पण पोकळ. त्या एका पिलावर पुढच्या वर्षीचा पिलबाग.

आमच्या अख्ख्या इंडस्ट्रीला जे तीन दिवसांचं ट्रेनिंग देऊन शिकवता येत नाही, ते हेच. आजचा घड आणि उद्याचं पील एकाच कंदावर आहेत, आणि पाणी तेवढंच आहे. यात बॅलन्स कुठे बसवणार? अर्धं पाणी याला, अर्धं त्याला असं करता येत नाही. आधी एकालाच द्यायचं, आणि वेळ आली की दुसऱ्याला जागा करायची. ती वेळ ओळखण्यात माझा बाप वाकबगार. लोक त्यांना मुद्दाम बोलावून नेत असत, पील दाखवायला.

मळ्यात कांदेबागेची कटाई चालू होती. मी ओळीतून चालत होतो आणि मला काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. मग लक्षात आलं. पाच-सहा ओळींत जिथे चांगलं कमरेएवढं पील उभं असायला हवं, तिथे कापलेला बुडखा होता, आणि शेजारी एक रुंद पानांचं मरतुकडं पील जपून ठेवलेलं. पुढच्या झाडाशी तेच. त्याच्या पुढच्याशी दोन्ही कापलेली.

अण्णा पुढे निघून गेले होते. सालदार माझ्या शेजारी येऊन थांबला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "अण्णाले दिसत नही भाऊ आता. तुमाले सांगू नका म्हने."

मोतीबिंदू. दोन्ही डोळ्यांत. उन्हाळ्यातच डॉक्टरांनी ऑपरेशन करा म्हणून सांगितलं होतं. सोबत घरचं माणूस लागेल म्हणाले. अण्णांनी आईला बजावलं, त्याचं ते रिलीज का काय होऊ दे, मग सांगू. शिवाय तेव्हा केळी निसवायला आली होती, बाग सोडून जाता येत नव्हतं. म्हणजे मी त्यांना रिलीजनंतर ठेवलं होतं आणि ते स्वतःला माझ्या रिलीजनंतर ठेवत होते. आणि ते ओटीपीचे फोन! त्यांना ओटीपी काय असतो हे व्यवस्थित कळत होतं. त्यांना स्क्रीनच दिसत नव्हती.

आमच्या धंद्यात याला नाव आहे. प्रायॉरिटी इन्व्हर्जन. कॉलेजात परीक्षेपुरतं शिकलो होतो. १९९७ च्या जुलैत नासाचं पाथफाइंडर यान मंगळावर उतरलं आणि थोड्याच दिवसांत आपोआप रीसेट व्हायला लागलं. कारण असं निघालं: हवामानाची माहिती गोळा करणारं एक किरकोळ काम होतं, सगळ्यात खालच्या प्रायॉरिटीचं. ते एक सामायिक कुलूप हातात धरून बसायचं. तेवढ्यात मधल्या प्रायॉरिटीची कामं यायची आणि त्या किरकोळ कामाला बाजूला सारून प्रोसेसर घ्यायची. किरकोळ काम थांबलं, म्हणून कुलूप सुटेना. कुलूप सुटेना म्हणून सगळ्यात महत्त्वाचं काम अडकायचं. मग यानावरची राखण करणारी घंटा वाजायची, काहीतरी बिघडलंय, करा रीसेट. बाहेरून पाहणाऱ्याला प्रत्येक काम आपापल्या प्रायॉरिटीनुसारच चाललेलं दिसत होतं.

त्यावरचा उपाय मला त्या मळ्यात उभं असताना आठवला (इंजिनियरला कुठे काय आठवेल याचा नेम नाही). किरकोळ कामाच्या हातात कुलूप असेल, आणि महत्त्वाचं काम त्यावर अडलं असेल, तर तेवढ्या वेळापुरती किरकोळ कामाला महत्त्वाच्या कामाची प्रायॉरिटी द्यायची. प्रायॉरिटी इन्हेरिटन्स. पृथ्वीवरून तेवढा एक पर्याय चालू केला आणि यान सुधारलं. म्हणजे कुठलं काम किती मोठं आहे एवढं बघून भागत नाही, त्याला काय बांधलेलं आहे तेही बघावं लागतं. त्या पत्त्यावरची फीत मला यासाठी आवडते. जहाजं, लाटा, टोपी सगळं काढून टाकलं तरी चालेल. मार्सेयवाल्यांनी माणूस न काढता फीत तेवढी काढली, ते मला जास्त पटतं.

आणि आमच्या घरची फीत तर अगदी ढळढळीत आहे. माझी इंजिनियरिंगची फी चार वर्षं याच केळीतून गेली. गेल्या वर्षी ठिबकच्या नळ्या बदलल्या त्या माझ्या बोनसमधून. भाव पडला की पुण्यातल्या माझ्या इएमआयची काळजी अण्णा करतात, आणि बऱ्हाणपूरचा भाव मी मीटिंगमध्ये लपून मोबाइलवर बघतो. तरी मी स्वतःला वर्षानुवर्षं सांगत आलो की करिअर एक आणि घर एक.

इथे काही जण टाळ्या वाजवायच्या तयारीत असतील, की आता हा नोकरी सोडून गावी जाणार. नाही हो. मला केळीतलं काही कळत नाही, गेलो तर दोन वर्षांत चार एकर बुडवीन. 'गड्या आपुला गाव बरा' छापाच्या ईमेल फॉरवर्डचा मला भयंकर कंटाळा आहे, त्या बहुतेक एसी ऑफिसातूनच निघतात. कायम दोन्ही डगरींवर हात ठेवून बसणं हा रोग आहे हेही मान्य. पण एक नाणं हवेत आहे हे माहीत असणं, आणि ते हवेत आहे हेच विसरून जाणं, या दोन गोष्टी सारख्या नाहीत. माझी चूक दुसरी होती. रिलीजला प्राधान्य दिलं याबद्दल मला अजूनही फारशी खंत नाही. आठ महिने फोनवर बाप काय सांगतोय ते ऐकलं नाही, याची आहे. तो ओटीपीचं बोलत होता आणि मी ओटीपीचंच ऐकत होतो.

सोमवारी मॅनेजरला सांगितलं. मनात मोठ्या भाषणाची तयारी केली होती. तो म्हणाला, "ओके, हँडओव्हर कोणाला देतोस?" बस. आठ महिने मी ज्या परवानगीला घाबरत होतो ती अकरा सेकंदांत मिळाली. प्रत्येकाला असा मॅनेजर मिळेल असं म्हणत नाही, मला आधी एक असा होता की बापाच्या डोळ्यांचा स्क्रीनशॉट मागितला असता. हँडओव्हर दिला टेस्टिंगच्या त्याच मुलीच्या शेजारी बसणाऱ्या पोराला. ती म्हणाली, बघ, पत्ता बरोबर निघाला ना? मी म्हटलं, निघाला, पण तू सांगितलंस ते नव्हतं त्यात. आमचा अजून वाद चालू आहे.

गेल्या मंगळवारी भुसावळला अण्णांच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. वीस मिनिटंही लागली नाहीत. डावा पुढच्या महिन्यात. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली तेव्हा त्यांनी आधी भिंतीवरचं कॅलेंडर वाचलं, मग माझ्याकडे बघून म्हणाले, "केस लय पिकले रे तुये."

घरी आल्या आल्या त्यांना मळ्यात जायचं होतं. डॉक्टरांनी धूळ आणि ऊन बंद केलंय, म्हणून आईने चपला लपवून ठेवल्यात. ते ओट्यावर काळा चष्मा लावून बसतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला बागेची खबर विचारतात. त्या पाच-सहा ओळींत आता नवी रोपं लावायची की उरलेल्या पिलांवरच भागवायचं, ते स्वतः बघितल्याशिवाय ठरवणार नाहीत म्हणे. तोवर कुणी विळा लावायचा नाही.

उद्या व्यापाऱ्याची गाडी येणार आहे. सहाला मळ्यात पोचायचं, घड मोजायचे आणि वजन होताना काट्यापाशी उभं राहून आकडा वहीत लिहायचा, एवढं काम मला दिलंय. जास्तीचं काही करू नको अशी सूचना आहे.